जुन्या सांखळी-करवतींचा जीर्णोद्धार

जुनीं घड्याळें अगर जुन्या मोटारी जमवून त्या चालत्या करण्याचा नाद असलेले गृहस्थ आपल्याकडे पुष्कळांनीं पाहिले असतील. परंतु झाडें कापण्याच्या जुन्या सांखळी-करवती मिळवून, त्या उलगडून, पुन्हां फिरत्या करणें हाहि एक छंद आहे, व जर्मनी, स्वीडन, अमेरिका, कॅनडा इत्यादि जंगलांच्या देशांत त्याचे भोक्ते पुष्कळ आहेत, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. मोडक्या यंत्रावर वेळ दवडणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय असें प्रथमदर्शनीं वाटतें. आम्हांसहि तसेंच वाटत असे. पण आतां पाठीवरचा फवारणी-पंप व गवत कापण्याचें यंत्र बहुतेक बागायतदारांच्या घरीं आलें आहे, आणि त्यांतील इंजिन व सांखळी-करवतीचें इंजिन हीं एकाच जातीचीं, म्हणजे टू-स्ट्रोक, असतात. करवतीवर जो हात बसला तो पंपावरहि चालतो. याकरितां या विषयाची माहिती येथें थोडी विस्तारानें देत आहों.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाहीं. जर्मनींत कान्स्टाट येथें आंद्रेआस श्टील यांनीं इ. स. १९२६ मध्यें विजेवर चालणारी सांखळी-करवत तयार केली. तिचें वजन ६४ किलो होतें व ती धरण्यास दोन माणसें लागत. पुढच्याच वर्षीं एमिल लेर्प यांनीं थुरिंजिया प्रांतांतील डोल्मार नांवाच्या डोंगरावर आपली पेट्रोलची करवत चालवून दाखविली, व त्या डोंगराचेंच नांव आपल्या मालास दिलें. श्टील यांची पेट्रोलची करवत १९२९ ची, वजन ४६ किलो. एका माणसास पेलेल अशी त्यांची करवत १९५० मध्यें निघाली, आणि १९५९ मध्यें 'काँट्रा' ही दांतेरी चाकांचा गुंता काढून टाकलेली, ६ अश्वशक्तीची व सुमारें १२ किलो वजनाची करवत बाजारांत आली. अमेरिकेंत मॅकुलॉक यांची २५ पौंडी करवत १९४९ ची. छांदिष्ट लोक ज्यांस जुन्या करवती म्हणतात त्या बहुतेक या काळापासून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या होत.

आमच्याकडे असलेली करवत जर्मन बनावटीची व काँट्राच्याच वंशांतील आहे. एक लांकडाची वखार बंद झाली तेव्हां ती भंगाराच्या भावानें मिळाली. दोरी ओढली असतां दट्ट्या हलत होता, एवढ्यावरच आम्हीं ती उचलली. आणि घेणाऱ्यानें पाहावयाची पहिली गोष्ट हीच होय. रंग, मूठ, टाकीचें झांकण हीं कोठें ना कोठें सांपडतात. सिलिंडर बिघडलेला असेल तर जुन्या यंत्रास दुसरा मिळणें कठीण. म्हणून मफलर काढून, बाहेरच्या भोंकांतून बॅटरीच्या उजेडांत दट्ट्याची बाजू पाहावी. ती गुळगुळीत असून उभे ओरखडे नसतील तर यंत्र घेण्यासारखें आहे असें समजावें.

ठिणगीचें काम बहुधा सोपें असतें. जुन्या यंत्रांत फ्लायव्हीलखालीं पॉइंट व कंडेन्सर असतात. वर्षानुवर्षें पडून राहिल्यानें पॉइंटांच्या तोंडावर गंज चढतो. तो बारीक काचकागदानें पुसून, दोहोंमधलें अंतर सुमारें ०.४ मिलिमीटर ठेविलें म्हणजे दहांपैकीं सात यंत्रांत ठिणगी परत येते. फ्लायव्हील काढतांना मात्र उतावीळपणा करूं नये. तें उतरत्या दांड्यावर घट्ट बसलेलें असतें. खालीं पेचकस घालून उचकटल्यास त्याचे पंख मोडतात. त्याकरितां पुलर वापरावा. नट सोडवितांना दट्ट्या अडवून धरावा लागतो. त्यासाठीं प्लगच्या भोंकांतून नायलॉनची दोरी आंत सारावी. लोखंडी सळई घालणारे आम्हीं पाहिले आहेत व त्यांनीं दट्ट्यास पाडलेलीं भोंकेंहि पाहिलीं आहेत. क्लचचे आटे पुष्कळ करवतींत उलटे असतात, हें जोर लावण्यापूर्वीं ध्यानांत असावें.

कार्ब्युरेटरची रचना जाणून घेण्याजोगी आहे. मोटारसायकलींत तरंगता फ्लोट असतो, व तो सरळ उभा असेल तोंवरच काम करतो. करवत तर आडवी, उभी, तिरपी कशीहि धरावी लागते. म्हणून तींत फ्लोटाऐवजीं पातळ पडदे बसविलेले असतात. दट्ट्याच्या खालच्या पेटींत प्रत्येक फेऱ्यास जो दाब व जी ओढ उत्पन्न होते तिनें एक पडदा धडधडतो व टाकींतलें पेट्रोल वर खेंचतो. दुसरा पडदा बारीक तरफेच्या द्वारें सुई उघडतो व मिटतो. हे पडदे सुकून कडक झाले कीं यंत्र सुरू होऊन लगेच बंद पडतें. नवे पडदे व पॅकिंग यांचा संच स्वस्त असतो. तो घालतांना जुने भाग ज्या क्रमानें निघाले तो क्रम कागदावर मांडून ठेवावा. स्मरणावर विसंबूं नये.

आतां आमच्या हातून झालेली चूक सांगतों, कारण तीच या लेखाचें मुख्य कारण आहे. पॉइंट साफ झाले, पडदे नवे घातले, आणि चौथ्या ओढीस करवत गर्जत सुटली. आनंदाच्या भरांत दांड्याच्या दोन्ही टोकांस असलेलीं रबरी ऑइल-सीलें आम्हीं बदललीं नाहींत. तीं वरून चांगलीं दिसत होतीं, व तीं बदलावयाचीं म्हणजे क्लच व फ्लायव्हील पुन्हां उतरवावीं लागणार होतीं. दोन दिवस करवत पूर्वीपेक्षां तेजीनें चालली. तिसऱ्या दिवशीं वादळांत पडलेल्या एका बाभळीचा बुंधा कापीत असतां तिचा आवाज एकाएकीं चढला, आणि दुसऱ्याच क्षणीं ती जागच्याजागीं आवळली.

असें कां झालें तें पाहूं. टू-स्ट्रोक इंजिनांत वंगणासाठीं निराळी सोय नसते. पेट्रोलांत कालविलेलें तेलच दट्ट्यास व बेअरिंगास मिळतें. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण प्रथम दट्ट्याखालच्या पेटींत येतें व तेथून वर ढकललें जातें. ही पेटी हवाबंद असली पाहिजे. सील कडक होऊन फटलें म्हणजे कार्ब्युरेटरास वगळून बाहेरची हवा त्या फटींतून आंत शिरते. हवा वाढली, पेट्रोल तेवढेंच राहिलें. मिश्रण विरळ झालें. विरळ मिश्रणानें यंत्र अधिक वेगानें फिरतें व मालकास तें सुधारल्याचा भास होतो. वस्तुतः उष्णता वाढत असते, आणि त्या वाढलेल्या वेगाच्या मानानें तेल अपुरें पडत असतें. शेवटीं ॲल्युमिनियमचा दट्ट्या फुगतो, सिलिंडरास घासतो व त्याचा धातु भिंतीस चिकटतो. ज्या तेजीचें आम्हांस कौतुक वाटत होतें तीच रोगाची खूण होती. यंत्र मंद वेगावर स्थिर न राहणें, आणि मूठ सोडल्यावर वेग उशीरा उतरणें, हीं त्याचीं पूर्वचिन्हें होत. फवारणी-पंपांतहि हीं चिन्हें दिसल्यास तो त्या दिवशीं पुढें चालवूं नये.

हें टाळण्याची परीक्षा सायकलीच्या पंक्चरासारखी आहे. आंत येण्याचा व बाहेर जाण्याचा असे दोन्ही मार्ग रबराचा तुकडा घालून बंद करावे, हातपंपानें आंत सुमारें अर्धा बार दाब भरावा, व दांड्याच्या टोकांस साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले कीं चोर सांपडला. मात्र दाबानें सील कधीं कधीं आवळून बसतें व गळती लपते. याकरितां उलट ओढ लावूनहि पाहावें. तासाभराचें काम. तें न केल्यामुळें आम्हांस दुसऱ्या मोडक्या करवतीचा दट्ट्या शोधण्यांत पांच महिने घालवावे लागले.

सिलिंडर मात्र वांचला. त्याच्या आंत क्रोमचा कठीण मुलामा होता व तो शाबूत होता. चिकटलेला ॲल्युमिनियम काढण्यास कापसाच्या बोळ्यानें हायड्रोक्लोरिक आम्लाचा अगदीं थोडा अंश लावितात. फेंस येऊन धातु विरघळतो व लगेच पाण्यानें धुवावें लागतें. आम्ल रेंगाळलें तर मुलाम्यासहि खातें, आणि मुलामा जेथें उडालेला असेल तेथें खालचा सिलिंडरच कुरतडतें. हें काम उघड्या हवेंत, हातमोजे व चष्मा घालून करावें.

पेट्रोलाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्या देशांत पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट इ. स. २०२५ मध्यें गांठलें गेलें. त्यांतील पुष्कळसें इथेनॉल आपल्याच उसापासून होतें, तेव्हां त्याबद्दल तक्रार करणें आमच्या तोंडीं शोभणार नाहीं. परंतु या यंत्रांचें जुनें रबर अशा इंधनासाठीं बनविलेलें नाहीं. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें. जुनीं नळी व पडदे फुगतात, चिवटपणा सोडतात, आणि पाणी वेगळें होऊन टाकीच्या तळाशीं बसलें म्हणजे तेथील धातु गंजतो. यास उपाय इतकाच कीं, नळी व पडदे बदलतांना इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावे, तेल कालविलेलें पेट्रोल आठ-पंधरा दिवसांपुरतेंच करावें, व काम संपतांच टाकी ओतून काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. जुन्या साध्या तेलासाठीं २५ भाग पेट्रोलास १ भाग तेल हें प्रमाण आम्ही पाळतों.

कवचाविषयीं एक इशारा देतों. पुष्कळ जुन्या करवतींचें कवच मॅग्नेशियमच्या हलक्या मिश्रधातूचें असतें. त्यावर पांढरी भुकटी धरते. ती ब्रशानें काढावी, घासणीच्या यंत्रावर धरूं नये. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो, व त्यावर पाणी ओतल्यास आग अधिकच भडकते. शेजारीं कोरड्या वाळूची बादली असावी.

सांखळीच्या दांतांची कथा शेतकऱ्यास विशेष रुचेल. आरंभीच्या सांखळीचे दांत हातकरवतीसारखे असत व ते लांकूड ओरबाडीत. अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स नांवाच्या लांकूडतोड्यानें १९४६ मध्यें लांकूड पोखरणारी एक अळी निरखून पाहिली. ती आपले जबडे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीनें चालवून रेषांच्या आडवेंहि सहज शिरत होती. त्यावरून त्यानें एक डावा, एक उजवा असे वांकडे दांत केले व १९४७ मध्यें पोर्टलंड येथें ते विकण्यास आरंभ केला. आंब्याचें खोड पोखरणाऱ्या अळीस आपण शिव्या देतों. तिच्या जातभाईनें जगास एवढें शिकविलें. दांतास धार लावितांना गोल कानस एकाच दिशेनें, आंतून बाहेर चालवावी, व डाव्या-उजव्या दांतांची लांबी सारखी ठेवावी. नाहीं तर काप वांकडा जातो. भुसा पिठासारखा पडूं लागला कीं धार गेली असें समजावें.

जुन्या करवतीनें रोजचें काम करावें काय? आमचें मत, करूं नये. पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला कीं करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्या क्षणीं सांखळी थांबविणारा ब्रेक १९७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला, व आमच्या यंत्रास तो नाहीं. धक्के शोषणारीं रबरेंहि नाहींत. अशीं यंत्रें वर्षानुवर्षें चालविणाऱ्या जंगलकामगारांचीं बोटें थंडींत पांढरीं पडून बधिर होत. आम्ही ती महिन्यांतून एकदां, जमिनीवर पक्क्या टेकविलेल्या ओंडक्यावर, दहा मिनिटें चालवितों, आणि पुसून कोरड्या जागीं टांगून ठेवितों. गेल्या दोन पावसाळ्यांत ती पहिल्या चार ओढींच्या आंत सुरू झाली आहे. नव्या सीलांचा जोडीस आणखी एक संच घेऊन ठेविला आहे.