कंदील, खुर्ची आणि रंगवलेली भिंत

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालात की साताऱ्यानंतर नागठाणे, अतीत, काशीळ आणि मग उंब्रज लागतं. तारळी कृष्णेला मिळते ते हे गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला, आणि चाफळला जायचं तर वाट इथूनच फुटते. बाकी हमरस्त्यावरच्या प्रवाशाला दिसतात त्या दुकानांच्या पाट्या आणि त्या पाट्यांच्या मागे उभी राहणारी नवी घरं. ही घरं बाहेरून जितकी एकमेकांसारखी, त्याहून आतून अधिक सारखी. शेती विकली असो, दुकान चाललं असो की मुलगा परदेशी गेलेला असो, दिवाणखान्यात पाऊल टाकलं की तोच करडा कोच, तीच टीव्हीमागची लाकडी पट्ट्यांची भिंत आणि डोक्यावर पीओपीच्या छतात लपवलेले तेच निळे दिवे!

घरं आतून सजवून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पुण्यात मी तो बरीच वर्षं करते आहे. त्यामुळे उंब्रजला माहेरी भावाच्या मुलानं नवं घर बांधायला काढलं, तेव्हा ते काम ओघानंच माझ्याकडे आलं. भाच्यानं मोबाइलवर पन्नासेक चित्रं जमवून ठेवली होती. "आत्या, हे असं पाहिजे." सायकलच्या चाकांचं झुंबर, आकडे नसलेलं घड्याळ, हाताच्या पंजासारखी खुर्ची, विनोदी वाक्यं छापलेल्या उशा. चित्रं सुरेख होती, यात शंका नाही. आई शेजारी बसली होती. ब्याऐंशी वर्षांची. तिनं चष्मा पुसून सगळी चित्रं शेवटपर्यंत पाहिली आणि एवढंच विचारलं, "ह्यात मी कुठं बसायचं रं?"

प्रश्न साधा होता, पण पुढचे चार महिने तो आम्हाला पुरला.

आमच्या भागात घराच्या पुढच्या पडवीवजा भागाला सोपा म्हणतात. आता सोप्यात सोफा आला, असा विनोद गावात झालेला आहे आणि तो मी पुन्हा करत नाही. पण सोपा ही काय चीज होती ते सांगायला हवं. सकाळी तिथं पाव्हणेरावळे घोंगड्यावर बसत, सुगीत जोंधळ्याची पोती पडत, दुपारी बायका निवडणं-टिपणं करत, रात्री वळकट्या उलगडून पाच-सहा माणसं झोपत. एकच जागा आणि तिची दिवसाकाठी चार रूपं. सामान असं जवळजवळ नव्हतंच. जे होतं ते गुंडाळता येत होतं. हल्ली महागड्या मासिकांतून 'अनेक उपयोगांची खोली' म्हणून जी कल्पना कौतुकानं मांडतात, ती हीच. फरक एवढाच, की तिकडे ती घडीच्या पलंगांवर आणि सरकत्या भिंतींवर लाखो रुपये घालून साधतात.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मला मुळीच म्हणायचं नाही. त्या सोप्यात सुनांना मान वर करून बसायची सोय नव्हती, हे आईच सांगते. शिवाय तिच्या गुडघ्यांना आता जमिनीवर बसणं झेपत नाही. आणि नव्या पद्धतीच्या खोल, मऊ कोचात ती बसली तर उठवायला दोघं लागतात. ह्या कोचांची बैठक जमिनीपासून सोळा-सतरा इंच असते आणि बसल्यावर आणखी तीन इंच खाली जाते. गुडघे कमरेच्या वर येतात, मग म्हातारं माणूस उठणार कसं? त्याला अठरा-एकोणीस इंचांवरची टणक बैठक हवी आणि रेटा द्यायला दोन्ही बाजूंना हात हवेत. एवढी साधी गोष्ट त्या पन्नास चित्रांपैकी एकातही नव्हती. चित्रं काढणाऱ्यानं खोलीत माणूस बसलेला कधी पाहिलाच नसावा, असं वाटत होतं.

मग मला आमच्याच मुलखातल्या काही माणसांची आठवण झाली. 'डिझाइन' हा शब्द इकडे रुळण्यापूर्वी ते काम त्यांनी इथेच केलं होतं.

औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनी जमवलेल्या चित्रांचं आणि शिल्पांचं संग्रहालय औंधला टेकडीवर आजही आहे. ह्याच संस्थानच्या हद्दीत, त्यांच्याच आश्रयानं दोन कारखाने उभे राहिले. कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. ती आता सांगली जिल्ह्यात आहे. आणि कराडजवळ 1916 साली ओगले बंधूंनी काचकारखाना काढला. त्या वस्तीला ओगलेवाडी नाव पडलं. उंब्रजहून कराड जेमतेम अर्ध्या तासावर, म्हणजे ओगलेवाडी आम्हाला अंगणासारखीच.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. पण रंग नीट ओळखू येत नाहीत असं लक्षात आलं, आणि ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले. पुढे बेळगावला सायकलींचं दुकान काढलं आणि मग लोखंडी नांगर केला. त्या नांगराची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. दोन वर्षं तो खपला नाही, कारण लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्याची समजूत होती. अशा गिऱ्हाइकापुढे 'उत्तम नांगर' एवढं लिहून काय उपयोग? आधी त्याची भीती ऐकून घ्यायला हवी, मग तिला उत्तर द्यायला हवं.

हे काम पुढे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्याकडे आलं. तेही चित्रकार. जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाशी गप्पा, हे त्यांना कळलं होतं. 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याचं लहानसं पत्रक म्हणून. 1929 साली नावातलं 'खबर' गळलं आणि 'किर्लोस्कर' मासिक झालं. 1930 साली 'स्त्री' आलं, 1934 साली 'मनोहर'. नांगर आणि चरक विकायला निघालेल्या कागदानं मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या वाचत्या केल्या! इतकी लांब पोचलेली जाहिरात दुसरीकडे कुठे झाली असेल तर मला माहीत नाही.

वाडीत पुढे लोखंडी फर्निचरही होऊ लागलं. आमच्या आजोबांनी आणलेली एक लोखंडी खुर्ची घरात होती. आजोबा तिच्यावर बसून दाढी करवून घेत, आई तिच्यावर चढून माळ्यावरची भांडी काढी, आम्ही भावंडं तिच्यावर पाटी ठेवून अभ्यास करत असू. दर दिवाळीला तिला ऑइलपेंटचा नवा रंग मिळे. खरवडून पाहिलं तर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली तपकिरी, असा घराचा सगळा इतिहास निघेल. जर्मनीत बाउहाउस शाळेतल्या मार्सेल ब्रॉयरला 1925 च्या सुमारास सायकलचं वाकवलेलं हँडल पाहून पोलादी नळीची खुर्ची सुचली. ती आज जगातल्या संग्रहालयांत आहे. आणि आमच्या खुर्चीच्या कारखानदाराची सुरुवातही सायकलच्या दुकानातूनच. ह्या दोन गोष्टींची गाठ मारायचा मोह होतो, पण तो आवरते. योगायोग गमतीचा आहे, एवढंच.

ओगल्यांचा 'प्रभाकर' कंदील ज्यांनी पाहिला नाही अशी पिढी आता कर्ती झाली आहे. ओगले बंधूंनी त्याला आपल्या वडलांचं नाव दिलं; आणि प्रभाकर म्हणजे सूर्य! कंदिलाला याहून नेमकं नाव आजच्या एखाद्या मोठ्या जाहिरात कंपनीला लाखभर रुपये घेऊनही सुचलं नसतं. आईच्या लहानपणी तिन्हीसांजेला राखेनं आणि कागदानं काच पुसणं हे पोरींचं काम. वाऱ्यात न विझणारा, हातात धरून गोठ्यात नेता येणारा, काच फुटली तर तेवढीच बदलता येणारा असा तो कंदील होता. कारखान्याची भट्टी केव्हाच विझली. पण कंदील माळ्यांवर आहेत.

हे सांगायचं कारण असं, की ह्याच सुमारास भाच्यानं घरासाठी एक 'जुन्या ढंगाचा' कंदील ऑनलाइन मागवला. आत विजेचा बल्ब, बाहेर गंज चढल्यासारखा रंग. आईनं तो हातात घेतला आणि सवयीनं वात वर करायची चावी फिरवायला गेली. चावी फिरेना. ती नुसती चिकटवलेली होती. "हिला काय फिरायचं ठाऊकच न्हाय," म्हणून तिनं तो खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी भाचा मुकाट्यानं माळ्यावर चढला.

गमतीच्या वस्तूंना माझा विरोध नाही. उलट घरात एखादी तरी वस्तू हसवणारी असावी. पण आपल्याकडे ही गंमत कामाच्या अंगानं येत असे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहा! पोपट, घोडे, माणसं, काय म्हणाल ते. आणि प्रत्येकानं सुपारी कातरली जाते. पाय घासायच्या वज्रीवर पितळी पाखरं. त्या पाखरांचं काम काय? काहीच नाही. पण वज्री हातात नीट बसते आणि टाच साफ होते. उलट इटलीतल्या अलेसी कंपनीनं 1990 साली फिलिप स्टार्क यांच्याकडून करून घेतलेलं लिंबू पिळायचं तिपाई यंत्र जगभर गाजलं. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती लिंबाच्या आंबटपणानंच खराब होते. शोभेला ठेवा, पण लिंबू लावू नका! अशी वस्तू घरात आणावी की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी आणणार नाही.

आता भिंतीकडे येते. आमच्या घराची एक भिंत रस्त्याच्या बाजूला. जुन्या घराची अशीच भिंत वर्षानुवर्षं जाहिरातींनी रंगलेली असे. पंप, सिमेंट, बियाणं, धुण्याची पावडर. कंपनी थोडे पैसे देई, नाहीतर उरलेली भिंत फुकटात रंगवून देई. रंगवणारे पेंटर गावातलेच. निळीत भिजवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधेच उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. मग रेघेला शिरोरेषा धरून अक्षरं खाली सोडायची, शेवटी एका बाजूनं शेड मारायची. रंगाच्या दुकानासाठी आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेला तो ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू आमच्या पेंटरनी किती वेळा काढला असेल, त्याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही.

फ्लेक्स आला आणि हे काम गेलं. संगणकावर अक्षरं तयार मिळतात, दोन तासांत छापून येतात. त्या अक्षरांवर राग धरण्यात अर्थ नाही. संगणकावरची घरोघर पोचलेली 'मंगल' ही देवनागरी अक्षरं करणारे र. कृ. जोशीही जाहिरातीच्या धंद्यातूनच आले होते, आणि अक्षरावर त्यांच्याइतकं प्रेम करणारा माणूस विरळा. पण दोरी मारणारे हात रिकामे झाले, हे खरंच. पेंटर आता गाड्यांच्या नंबर-पाट्या रंगवतात आणि लग्नसराईत घरांना चुना देतात.

भाच्याला घराचं नाव स्टीलच्या इंग्रजी अक्षरांत हवं होतं. भाचेसुनेला बैठकीच्या भिंतीवर वारली चित्रं हवी होती. वारली इथली नव्हे, ती पालघर-डहाणूकडची, असं मी म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, मग इथलं काय आहे ते तुम्ही सांगा." बिनतोड प्रश्न होता. मी पेंटरना बोलावणं धाडलं.

शेवटी तडजोड झाली, तशी ती सगळ्याच घरांत होते. दिवे लपवलेलं छत एका खोलीत झालं. त्यावर भाच्यानं माघार घेतली नाही. करडा कोच आला, पण लहान. त्याच्या काटकोनात कराडच्या सुताराकडून सागवानी दिवाण करून घेतला. उंची एकोणीस इंच, दोन्ही बाजूंना हात, वर कापसाची टणक गादी, खाली आईची धान्याची डबडी मावतील एवढे दोन खण. लोखंडी खुर्ची दाराशी ठेवली आहे, चपला घालताना बसायला. प्रभाकर कंदिलात बल्ब घालायला आईनं साफ नकार दिला. वीज गेली की तो पेटवतात, आणि उंब्रजला वीज जायची काही वानवा नाही.

पेंटर दोन दिवस येत होते. घराचं नाव त्यांनी देवनागरीत काढलं, पिवळ्यावर तांबडं, काळी शेड मारून. स्टीलच्या अक्षरांच्या चौथाई खर्चात झालं ते. मजुरी मी वाढवून दिली तर त्यांनी वरचे पैसे परत केले आणि म्हणाले, "ताई, भिंत मिळाली, बास." भाच्याची आठ वर्षांची लेक दोन्ही दिवस शाळा बुडवून त्यांच्या मागे होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निळीची दोरी तिच्या हाती लागली. एक टोक पणजीच्या हातात देऊन तिनं जिन्याच्या नव्या पांढऱ्या भिंतीवर चार रेघा मारल्या, त्यातल्या तीन बऱ्यापैकी सरळ. भाचेसून दोघींवर चांगलीच संतापली. डिस्टेंपरचा एक हात मारला की जातील, असं पेंटर सांगून गेलेत. अजून कोणी तो मारलेला नाही.