गव्हाण रिकामी राहू नये म्हणून

दिवसाला 5000 टन गाळप करणारा साखर कारखाना तासभर बंद पडला, तर सुमारे 208 टन ऊस यार्डात ताटकळतो. आणि ऊस ताटकळणारा माल नव्हे. तोड झाली की त्यातली साखर उतरू लागते, म्हणून चोवीस तासांत तो मिलकडे ऊस नेणाऱ्या गव्हाणीत पडावा अशी धडपड असते. कारखान्यातलं प्रत्येक पद या घाईतून घडलं आहे.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. अशा सहकारी कारखान्यात चेअरमन सभासदांमधून येतो; रोजचा कारभार मात्र कार्यकारी संचालकाकडे, म्हणजे सगळ्यांच्या ‘एमडी साहेबां’कडे. परवाने, बँका, साखरविक्री, पगार हे सगळं त्यांच्याकडेच. शिवाय 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, ही जबाबदारी डोक्यावर कायम असते.

माझ्या मते सगळ्यात अवघड खुर्ची शेतकी अधिकाऱ्याची. लागणीची तारीख, उसाची जात, खोडवा की आडसाली, या नोंदींवरून त्याने तोडणीचा कार्यक्रम लावायचा. कुणाच्या फडात कोणती टोळी जाणार हे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयपर्यंत पोचवायचं. ‘आमचा ऊस आधी न्या’ असं सांगणारे फोन पहाटेपासून सुरू होतात, आणि त्यात संचालकांचेही असतात. पण पक्व ऊस मागे ठेवून कोवळा आणला की साखरेचा उतारा घसरतो आणि त्याची झळ सगळ्याच सभासदांना बसते. अशा वेळी ठामपणे ‘नाही’ म्हणणारा अधिकारी कारखान्याचं मोठं धन आहे.

आत गेलं की चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट यांची राज्यं सुरू होतात. मिल, बॉयलर, टर्बाइन इंजिनिअरचं. रसाच्या शुद्धीपासून पोत्यात साखर पडेपर्यंतचं केमिस्टचं. दोघांचं नातं कळायला एक व्हॉल्व्ह पुरे. शेवटच्या मिलकडे जाणाऱ्या बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, गरम पाणी सोडतात, म्हणजे चिकटून राहिलेली साखर निघून येते. पाणी वाढवलं तर साखर जास्त मिळते, पण तेच पाणी पुढे वाफेने आटवावं लागतं. वाफेसाठी बगॅस जाळायचा, आणि वाचलेल्या बगॅसवर तर विकायची वीज तयार होते. मिलमधून बगॅस ओला आला की बॉयलरचा दाब पडतो आणि केमिस्टचे साखर शिजवणारे पॅन मंदावतात. व्हॉल्व्ह किती उघडायचा, हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. व्यवस्थापन म्हणतात ते मला तिथे, त्या पाइपापाशी दिसतं.

पॅनमनबद्दल लिहिल्याशिवाय हा परिचय पुरा होणार नाही. निर्वात पॅनमधला नमुना काचेवर घेऊन तो दाणा बघतो, बोटांत चोळतो. नको असलेले बारीक दाणे दिसले तर पाणी देऊन ते विरघळवतो. मीटर आले, संगणक आले, तरी जुन्या पॅनमनची नजर नवे केमिस्ट आजही शिकून घेतात.

या वाटेवर येणाऱ्यांसाठी कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही मोठी शिक्षणकेंद्रं. विज्ञानाचा पदवीधर लॅब केमिस्ट म्हणून लागतो, पुढे मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, डेप्युटी चीफ, चीफ. बॉयलरवर तर प्रमाणपत्राशिवाय उभं राहता येत नाही. सहकारी कारखान्यांच्या कार्यकारी संचालकपदासाठी राज्यात परीक्षेतून नामतालिका तयार होते. तिच्यासाठी हिशोब आणि कायदा यायला हवाच, पण हंगामात रात्रपाळी केलेला माणूस मला अधिक भरवशाचा वाटतो.

हंगाम संपून पट्टा पडला की मिल उघडतात, रोलर बाहेर काढतात, पाइप साफ करतात. हंगामी कामगार घरी जातात. गाळपक्षमता वाढल्याने अनेक ठिकाणी हंगाम आखडला आहे, आणि चार महिन्यांच्या गाळपावर वर्षाचा खर्च भागत नाही. त्यामुळे आता डिस्टिलरी, इथेनॉल आणि सहवीजनिर्मिती सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांची गरज वाढते आहे. उसाच्या गावातल्या मुलामुलींनी मिलइतकंच तिकडेही लक्ष द्यावं, कारण हंगाम संपल्यावरही काम तिथेच आहे.