क्लोन केल्यावर २ टीबीची डिस्क ५०० जीबीची का दिसते?

वलवणला घरी होतो, बाहेर धो धो पाऊस. पीएचडीचा सगळा डेटा असलेली ५०० जीबीची जुनी डिस्क खरखर करायला लागली. घाईघाईने २ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर तिचा क्लोन केला. डेटा वाचला, पण विंडोज म्हणे एकूण जागा ४६५ जीबी! बाकीची गेली कुठे?

कुठेच नाही. सेक्टर-टू-सेक्टर क्लोनमध्ये डिस्क जशीच्या तशी उतरते, जुन्या पार्टिशन टेबलसकट. हे टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. जमीन चार एकर, पण उतारा अजून एका एकराचाच!

उपाय सोपा आहे. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. पार्टिशनच्या उजवीकडे 'अनअलोकेटेड' जागा दिसेल. पार्टिशनवर राइट क्लिक करून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' निवडा. पर्याय करडा दिसला, तर बहुतेक मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलंय, किंवा फॉरमॅट एनटीएफएस नाही.

'डिस्कपार्ट'मधल्या 'क्लीन' कमांडनेही पूर्ण जागा मिळते, पण ती सातबाराच फाडते. जुनी डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल, तर क्लोन हीच तुमची एकमेव प्रत. म्हणून मी आधी थीसिसचा डेटा मित्राच्या लॅपटॉपवर कॉपी केला, मगच एक्स्टेंड केलं. पावसात लाइटचा भरवसा नाही, तेव्हा लॅपटॉपही चार्ज केलेला होता. काम मिनिटभराचं.

आता १.८१ टीबी दिसतात. उरलेली जागा चोरीला गेलेली नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.