माउंटबॅटन यांची नाव आणि किंगसाहेबांची सुनावणी

आपले शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची नाव २७ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बने उडविण्यात आली. त्यांच्याबरोबर दोन कोवळी मुलेही गेली. कृत्य आयरिश रिपब्लिकन आर्मीचे. तिच्यात बहुतेक कॅथलिकच. पण ‘कॅथलिक दहशतवाद’ हा शब्द काही रूढ झाला नाही. ते योग्यच झाले म्हणतो मी; भांडण राज्याचे होते, पोपचे नव्हे.

मला कोडे पडते ते पीटर किंग या अमेरिकन गृहस्थांचे. १९८० नंतरच्या काळात हे त्याच संघटनेचे उघड पाठीराखे. (पुढे आयर्लंडच्या समेटासाठीही ते झटले, हेही सांगितले पाहिजे.) तेच किंग प्रतिनिधिगृहाच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष झाले आणि १० मार्च २०११ रोजी त्यांनी अमेरिकेतील मुसलमान समाजातल्या अतिरेकावर जाहीर सुनावणी भरविली! जुनी आठवण काढताच उत्तर तयार: त्या संघटनेने अमेरिकेवर कधी हल्ला केला नाही. म्हणजे लंडनमध्ये मेलेली माणसे हिशेबातच नाहीत!

त्याच वर्षी २२ जुलैला नॉर्वेत ब्रेव्हिकने ७७ माणसे मारली. हा स्वतःला ख्रिस्ती युरोपचा रक्षक म्हणवीत होता. पाचच दिवसांनी किंगसाहेबांची पुढची सुनावणी भरली. विषय होता अमेरिकन मुसलमानांतून सोमालियाच्या अल-शबाबमध्ये होणारी भरती.