ताठर रोहिणी आणि हृदयाचे श्रम

हृदय रक्त ठोक्याठोक्याने लोटते. शरीराला मात्र ते अखंड मिळत राहते. हे कसे घडते? इ.स. १७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने रोहिण्यांची तुलना आगीच्या बंबातील हवेच्या कोठीशी केली. पंपाचे हिसके ती कोठी सामावून घेते व पाण्याची धार सलग ठेवते. महारोहिणीही ठोक्यासरशी फुगते आणि दोन ठोक्यांमधील विसाव्यात आक्रसून साठलेले रक्त पुढे ढकलते.

ही लवचिकता इलॅस्टिन या प्रथिनामुळे येते. ते मुख्यत्वे गर्भावस्थेत व बालपणी तयार होते. पुढे ते झिजते आणि भित्तीत ताठर कोलॅजेनचे प्रमाण वाढते. मग वरचा रक्तदाब चढतो, खालचा उतरतो. हृदयाचे श्रम वाढतात; परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मुख्यतः विसाव्याच्या काळातच मिळत असल्याने नेमका तोच पुरवठा तोकडा पडू शकतो. म्हणून उतारवयात रक्तदाब १६० व ७० भरला, तर खालच्या आकड्यावर विसंबून निश्चिंत राहणे योग्य नव्हे. गेलेले इलॅस्टिन परत येत नाही. मात्र रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मीठ कमी करणे, धूम्रपान वर्ज्य करणे व नियमित चालणे यांनी ताठरपणाची वाढ मंदावता येते.