कुठेही न जाणारी सायकल

सुरतेच्या उधन्यात सायकल म्हणजे कामावर जायचं साधन. तापी खोऱ्याची रेल्वे १९०० साली सुरतेहून अमळनेरपर्यंत पोचली. आज हाच फाटा उधना जंक्शनहून जळगावकडे निघतो. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या बाजूची माणसं याच रुळांवरून इकडे आली आणि लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यात मराठी वस्त्या उभ्या राहिल्या. लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या, सायकलच्या कॅरिअरला डबा आणि पाळी सुटली की पुन्हा तीच वाट. या सायकलीकडून एकच अपेक्षा असते, तिनं माणसाला पोचवावं.

अशा ठिकाणी तिशीतल्या माणसानं कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घोडा नाही आणि धड बसायलाही जागा नाही अशी वीस इंची चाकांची सायकल मागितली, तर दुकानदार आधी विचारणार, ‘‘भाऊ, मुलगा कितवीला आहे?’’ इथे लाजू नये. ही बीएमएक्स, आणि ती पोचवणारी सायकल नव्हेच. तिच्यावर उड्या मारायच्या, कठड्यावर चढायचं, मागच्या चाकावर तोल सांभाळायचा, पडायचं आणि परत उठायचं. निवड करताना हे विसरलं की पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

हिचा जन्म पोरांच्या नकलेतून झाला. १९६३ साली श्विन कंपनीनं अमेरिकेत ‘स्टिंग-रे’ ही लहान चाकांची, उंच हँडलची सायकल आणली. कॅलिफोर्नियातली मुलं ती मातीच्या ट्रॅकवर नेऊन मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींसारखी पळवू लागली. लाँग बीचमध्ये नोव्हेंबर १९७० मध्ये स्कॉट ब्राइटहॉप्ट या किशोरवयीन मुलानं शर्यती भरवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ऑन एनी संडे’ या मोटारसायकलींवरच्या माहितीपटाच्या सुरुवातीला ही पोरं दिसली आणि खूळ देशभर गेलं. १९८२ च्या ‘ई.टी.’ मध्ये जी सायकल आकाशात उडते ती ओसाकाच्या कुवाहारा कंपनीची बीएमएक्स. शर्यतींचा प्रकार २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये आला, कसरतींचा म्हणजे फ्रीस्टाइलचा टोकियोत. तिथे पुरुषांचं रौप्यपदक मिळवणारा व्हेनेझुएलाचा डॅनियल डेर्स तेव्हा ३६ वर्षांचा होता. अर्थात तो लहानपणापासून चालवत आलेला. पस्तिशीत सुरुवात करणाऱ्यानं त्याच्याकडून उमेद घ्यावी, वेळापत्रक घेऊ नये.

आता माप. काळ्या सायकलीचं माप आपण फ्रेमवर सांगतो, बावीस इंची किंवा चोवीस इंची. इथे वीस इंच हे चाकाचं माप आहे आणि ते चौदा वर्षांच्या मुलाला जे, तेच सहाफुटी बाप्यालाही. माणसाप्रमाणे बदलते ती फ्रेमच्या वरच्या दांड्याची लांबी. साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाला साडेवीस इंच, पावणेसहा ते सहा फुटांना पावणेएकवीस ते एकवीस, त्याहून उंच असेल तर आणखी थोडी जास्त. दांडा आखूड असला की सायकल झटकन वळते, पण उंच माणसाचे गुडघे हँडलला लागतात. लांब असला की स्थिर वाटते, पण पुढचं चाक उचलायला जास्त जोर लागतो. दोन मापांमध्ये अडकलात तर नवशिक्यानं लांबाकडे झुकावं, असं माझं मत. सीट मात्र वर करू नका. दुकानात बसून बघताना गुडघे छातीशी येतात आणि कोणीतरी हमखास सीट चढवून देतं. ती खालीच असायला हवी, कारण बीएमएक्स उभ्यानं चालवतात आणि उडी मारताना सायकल पायांमधून वर यावी लागते.

खरी निवड धातूत आहे. आपल्याकडे कोणत्याही ठेंगण्या, जाड टायरच्या पोरांच्या सायकलीवर बीएमएक्सचं स्टिकर चिकटवतात. काहींना तर पुढे स्प्रिंगचा शॉकअपही असतो. शॉकअप दिसला की तिथून निघावं. तो वजन वाढवतो, उडीचा जोर गिळतो आणि सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस फूटभर वरून आदळला की सगळ्यात आधी तोच बसतो. हवं असतं क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद. त्याचा ४१३० हा क्रमांक फ्रेमवर लिहिलेला सापडतो. साध्या पोलादापेक्षा ते मजबूत, त्यामुळे नळी पातळ ठेवता येते आणि सायकल हलकी होते. स्वस्त सायकलीत एखादीच नळी क्रोमोलीची असते आणि स्टिकर सगळ्या फ्रेमच्या नावाचं. मोठ्या माणसासाठी फ्रेमच्या तिन्ही मुख्य नळ्या, चिमट्याची हँडलमध्ये जाणारी नळी आणि क्रँक, एवढं तरी क्रोमोलीचं हवंच. बाकीचे भाग पुढे बदलता येतात.

क्रँकबद्दल जरा थांबून सांगायला हवं. काळ्या सायकलीत क्रँक कॉटर पिननं अडकवलेला असतो. पिन झिजली की पायाखाली टकटक सुरू होते आणि मिस्त्री हातोडीनं नवी पिन ठोकतो. रोजच्या रपेटीला तेवढं चालतं. उडीनंतर मात्र सगळं वजन दोन पेडलवर एकदम येतं आणि कॉटर पिन त्यासाठी नाहीच. बीएमएक्समध्ये तीन तुकड्यांचा क्रँक असतो. दातेरी आस आणि तिच्यावर घट्ट बसणारे दोन पोकळ हात, सहसा १७० मिलिमीटरच्या आसपासचे. बेअरिंगही बंद डबीतलं, म्हणजे छर्रे काढून ग्रीस भरण्याचा खटाटोप नाही. सुरतेच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात हा मोठाच दिलासा.

पुढचं चक्र २५ दातांचं आणि मागचं ९ दातांचं, हे पाहून जुने मिस्त्री हसतात. पूर्वी बीएमएक्सला ४४ आणि १६ असत. गुणोत्तर जवळपास तेच, एका फेरीत मागचं चाक पावणेतीन वेळा फिरतं आणि सायकल सव्वाचार मीटर पुढे जाते. चक्र लहान केलं ते कठड्यावर घासू नये आणि वजन कमी व्हावं म्हणून. पण नऊ दातांचं चक्र वेगळं बसवता येत नाही, ते हबच्या पोटातूनच येतं. असा हब उधन्याच्या नाक्यावर मिळायचा नाही. अशा हबांमध्ये साधा कॅसेट हब घ्यावा. फ्रीकोस्टर नावाचा एक हब असतो, त्यात मागे सरकताना पेडल फिरत नाहीत. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये. मागचा आस १४ मिलिमीटरचा असावा. मुलांच्या सायकलीचा बारीक आस पाहिला की फ्रेमवर काहीही लिहिलेलं असो, विश्वास ठेवू नये.

ब्रेकवर वाद आहे. पट्टीचे बरेच जण ब्रेक काढून टाकतात आणि बुटाचा तळवा टायरवर दाबून थांबतात. दिसायला झकास. पण उधना-मगदल्ला रस्त्यावर टेम्पो, रिक्षा आणि कापडाचे ताके लादलेल्या हातगाड्या यांच्यामध्ये बुटानं थांबणारा माणूस मला शूर वाटत नाही. मागचा ब्रेक असू द्यावा. पेडल प्लास्टिकचे घ्यावेत. लोखंडी दात्यांचे पेडल नडगीवर जी नक्षी काढतात ती महिनाभर जात नाही. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे यांचे पैसे सायकलीच्या बजेटमध्ये आधीच धरावेत, उरलं तर बघू असं म्हणू नये.

ज्यांना कसरतीपेक्षा रस्त्यावर मजेत फिरायचं आहे, त्यांच्यासाठी चोवीस आणि सव्वीस इंची चाकांच्या मोठ्या बीएमएक्स निघतात. त्या अंगाला बऱ्या बसतात आणि लोकही कमी हसतात. पण उडी शिकायची असेल तर वीसच. आणि तिचा एक फायदा इथेच कळतो. पोरांच्या सायकलींमुळे वीस इंची ट्यूब गल्लीतल्या दुकानात मिळते. वॉल्व्ह मोटारसायकलचाच असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. फक्त टायरवर लिहिलेला दाब पाहून भरावी, कारण हिला मोटारसायकलपेक्षा खूप जास्त, बहुतेकदा साठ पौंडांच्या वर लागते.

उधन्याच्या कारखानदारीचाही थोडा उपयोग करून घेता येतो. आसाला लावायचे पेग, ज्यांवर कठड्यावरून घसरतात, ते कुठल्याही लेथवाल्याकडून वळवून घेता येतील. भोक १४ मिलिमीटरचं सांगावं. पण चिमटा, हँडल किंवा स्टेम बनवून घेऊ नये. आणि फ्रेमला तडा गेला तर रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नये. पातळ क्रोमोलीला तिथली उष्णता सोसत नाही, तडा टाक्याशेजारी पुन्हा जातो आणि तोही बहुधा हवेत असताना.

शिकायला जागा लागते ती अंगणाएवढी. पहिला महिना उडीचा विचारही नको. उभ्यानं सावकाश चालवणं, हात सरळ ठेवून वजन मागे नेत पुढचं चाक उचलणं आणि मग मागचं. दोन्ही जमली की ती जोडून होते बनी हॉप, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. अडथळ्याला वीट ठेवू नये. ताका गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी ठेवावी, चुकलं तर ती लोळते, तुम्ही नाही. दिवाळीत खाती बंद होतात, अर्धं उधना गावी जातं आणि औद्योगिक वसाहतीतले रस्ते एरवी कधी नसतात इतके मोकळे होतात. शिकायचं तर तेव्हा.

जुनी घेत असाल तर रंग पाहू नका. हँडलखाली, खालची नळी जिथे पुढच्या नळीला मिळते तिथे खालून बोट फिरवा. सुरकुती लागली तर ती सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. क्रँक धरून आडवा हलवा, मागचं चाक अधांतरी फिरवून पाहा, आस अडकवायच्या खाचेजवळ तडा शोधा. नवी असेल तर खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. पाठवताना चिमटा बहुतेकदा उलटा फिरवलेला असतो आणि घाईतला जोडारी तो तसाच ठेवून हँडल सरळ करून देतो. त्यामुळे पुढचं चाक फ्रेमच्या जवळ येतं. दुकानातून निघण्याआधी ते पाहा. मागच्या नटाला १७ नंबरचा पाना लागतो, पुढच्याला १५, स्टेमला सहाची ॲलन की. हे तिन्ही खिशात ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळं एकदा ढिलं होतंच.