नाताळ नेमका कुणाचा?

ख्रिसमसची मुळं रोमन सूर्यपूजेत आहेत, मग ख्रिस्ती माणसाने तो साजरा करावा का? दर डिसेंबरला हा वाद नव्याने रंगतो. पण तो नवा मुळीच नाही. एकेकाळी त्यावरून दंड बसलेत, दंगली झाल्यात आणि कायदेही आलेत.

डिसेंबर उजाडला की इन्स्टावर प्लम केक, सीक्रेट सँटा आणि लाल टोपीतले सेल्फी सुरू होतात. त्यांच्या मागोमाग एक ठरलेली रीलही येते. ‘तुम्हाला माहितीये का, ख्रिसमस मुळात ख्रिस्ती सणच नाही!’ मग तीस सेकंदांत सूर्यदेव, रोमन जत्रा, झाडाची पूजा असं सगळं उरकलं जातं.

ही रील शेअर करणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना ख्रिस्ती मित्राची थोडी खेचायची असते. दुसरे स्वतः ख्रिस्ती असतात आणि अगदी मनापासून श्रद्धाळू असतात. पहिल्यांना हे ट्रिव्हिया वाटतं. दुसऱ्यांसाठी मात्र प्रश्न खरा असतो, कारण बायबल ‘दुसऱ्या देवांना भजू नका’ असं बजावतं. सण जर दुसऱ्याच देवाचा असेल, तर आजीच्या घरचं नाताळचं जेवण, कॉलेजातला केक, शाळेतलं गव्हाणीचं नाटक या सगळ्याचं करायचं काय?

पंचवीस तारखेचा गुंता

आधी इतिहास बघू. येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला, हे बायबलमध्ये कुठेच नाही. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांनीच जन्माची गोष्ट सांगितलीय, तीही तारखेशिवाय.

रोममध्ये १७ डिसेंबरपासून ‘सॅटर्नेलिया’ हा सण चालायचा. मेजवान्या, भेटवस्तू, मालकाने गुलामाची सेवा करणं, असा सगळा उलटापालटा माहोल. पण तो २३ तारखेपर्यंत आटपायचा. म्हणजे २५ तारीख त्यात येतच नाही. दुसरा दावेदार म्हणजे ‘सोल इन्व्हिक्टस’, अजिंक्य सूर्य. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये त्याचं मंदिर उभारलं.

गंमत पुढे आहे. इ.स. ३५४ च्या सुमारास रोममध्ये एक पंचांगवजा ग्रंथ तयार झाला. त्यात २५ डिसेंबरला ‘अजिंक्याचा जन्मदिन’ अशी नोंद आहे आणि त्याच ग्रंथात दुसरीकडे त्याच तारखेला ख्रिस्ताचा जन्मही नोंदवलाय. दोन्ही सणांचा इतका जुना, स्पष्ट पुरावा एकाच ग्रंथात! त्यामुळे कुणी कुणाची तारीख उचलली, यावर अभ्यासक अजून भांडतायत. काही जणांचं म्हणणं आहे की चर्चने सूर्याचा दिवस आपलासा केला. काही जण वेगळं गणित मांडतात. येशू २५ मार्चला गर्भात आला असं मानायचं आणि पुढे नऊ महिने मोजायचे, की आलाच २५ डिसेंबर. आर्मेनियन चर्च तर आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीला साजरा करतं.

झाडाचंही तसंच. सजवलेल्या ख्रिसमस ट्रीच्या नोंदी सोळाव्या शतकापासून जर्मन भाषक भागात मिळतात, म्हणजे तिथे ख्रिस्ती धर्म येऊन कित्येक शतकं उलटल्यावर. इंग्लंडमध्ये ते घराघरांत पोचलं ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात. १८४८ मध्ये राजघराण्याचं झाडासोबतचं चित्र एका साप्ताहिकात छापून आलं आणि फॅशन पसरली. रीलमध्ये यिर्मया संदेष्ट्याने झाडाविरुद्ध लिहिल्याचा दाखला असतो, पण तो उतारा लाकडाच्या कोरलेल्या मूर्तीबद्दल आहे. ख्रिसमस ट्री तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ईस्टरची कथाही अशीच. आठव्या शतकातल्या बीड नावाच्या इंग्रज साधूने लिहून ठेवलंय की हे नाव ‘एओस्त्रे’ या देवीवरून आलं. पण हे झालं इंग्रजी नावापुरतं. युरोपातल्या बऱ्याच भाषांत सणाचं नाव ज्यूंच्या ‘पेसाख’वरून, म्हणजे वल्हांडण सणावरून आलंय. गोव्यात कोकणीतही त्याला ‘पास्कांचें फेस्त’च म्हणतात. देवी इंग्रजीत शिरली, कोकणीत नाही!

थोडक्यात, रीलमध्ये काही खरं आहे, काही ताणलेलं आहे आणि काही अजून ठरायचंय.

नाताळवरच बंदी

‘मूळ अशुद्ध, म्हणून सण बंद’ हा प्रयोगही होऊन गेलाय, आणि तोही ख्रिस्ती लोकांनीच केलाय. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधले प्युरिटन कडवे प्रोटेस्टंट होते. बायबलमध्ये नाही ते नको, हा त्यांचा खाक्या. नाताळात दारू आणि जुगार चालतो, शिवाय कॅथलिक सवयींचा वास येतो, ही त्यांची तक्रार. जून १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्दच केले. त्या वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरीत महापौराने दुकानं उघडी ठेवायला लावली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. १६६० मध्ये राजा परतला आणि त्याच्यासोबत नाताळही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला. तो १६८१ पर्यंत टिकला. बॉस्टनचे पाद्री इन्क्रीज मॅदर यांनी १६८७ मध्ये लिहिलं की २५ डिसेंबर निवडण्यामागे रोमन सॅटर्नेलियाच आहे. म्हणजे आपल्या रीलची स्क्रिप्ट सव्वातीनशे वर्षांहून जुनी आहे! स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये मिळाली.

आपल्याकडचं काय?

हे सगळं तिकडचं, गोऱ्यांचं भांडण वाटेल. पण हाच प्रश्न आपल्या शेजारी, गोव्यात, जास्त क्रूरपणे विचारला गेलाय. तिथे सण रोमन नव्हते, हिंदू होते, आणि विचारणारं होतं पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन. १७३६ च्या फर्मानात त्यांनी ख्रिस्ती झालेल्यांच्या कितीतरी चालीरीतींवर बंदी घातली. धोतर नको, चोळी नको, दारात तुळस नको, इतकंच काय, हिंदूंसारखा बिनमिठाचा भातही शिजवायचा नाही. अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातल्या इन्क्विझिशनवर लिहिलेल्या पुस्तकात हे फर्मान वाचायला मिळतं. वाचताना अंगावर काटा येतो. ताटातल्या मिठावरून माणसाचा धर्म तपासायचा?

इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. चाली मात्र उरल्या. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाचा रस लावायचा ‘रोस’ आजही होतो. सासष्टीतल्या राय गावात ५ ऑगस्टला भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी येतात. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ असतो, तोही नव्या पिकाचाच. भाताचं पहिलं कणीस देवापुढे ठेवणं हे कोणत्या धर्माचं? ते शेतकऱ्याचं आहे. धर्म बदलला तरी शेत तेच होतं.

मराठीतलं सर्वांत सुंदर उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. पण अभंग, ओवी, कीर्तन त्यांनी सोडलं नाही. त्यातूनच त्यांनी ख्रिस्त गायला. वारकऱ्यांचा छंद ख्रिस्ताला चालतो का, असा प्रश्न त्यांना अडला नाही. त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही गातात.

या वाटेला जुना आधारही आहे. इ.स. ६०१ मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मिशनऱ्यांना पत्रातून सल्ला दिला होता की मूर्ती काढा, पण देवळं पाडू नका. लोकांना त्यांच्या मेजवान्या करू द्या, फक्त आता त्या खऱ्या देवासाठी असू द्या.

आणि ‘नाही’ म्हणणारे?

इथवर वाचून वाटेल की सण पाळणारेच बरोबर. थांबा. यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती गट नाताळ, ईस्टर, वाढदिवस यांतलं काहीच पाळत नाही, आणि त्यांचं कारण नेमकं हेच, बिगरख्रिस्ती मुळं. त्यांना हसणं सोपं आहे. जानेवारी हे नाव रोमन देव जेनसचं, मग कॅलेंडरही फेकणार का, असं विचारता येतं. पण केरळात १९८५ मध्ये याच पंथातल्या तीन शाळकरी मुलांनी राष्ट्रगीताला आदराने उभं राहूनही ते गायलं नाही, म्हणून त्यांना शाळेतून काढलं गेलं. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीत आणि नाताळ हे विषय वेगळे, पण मुद्दा एकच. आपल्याला पटलं नाही तरी समोरच्याची श्रद्धा प्रामाणिक असू शकते, आणि ती जपायचा त्याला हक्क आहे.

खुद्द पौलानेही हा गुंता पाहिला होता. गलतीकरांच्या पत्रात तो दिवस-महिने पाळणाऱ्यांवर चिडतो. रोमकरांच्या पत्रात मात्र म्हणतो की कुणी एखादा दिवस विशेष मानेल, कुणी सगळे सारखे मानेल, प्रत्येकाची स्वतःच्या मनात खात्री असावी आणि एकाने दुसऱ्याला तुच्छ लेखू नये. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं का, या प्रश्नावरही त्याचं उत्तर असंच आहे. मूर्तीत काही नाही, त्यामुळे खायला हरकत नाही, पण तुझ्या खाण्याने कुणाचं मन दुखावून त्याची श्रद्धा डळमळत असेल तर सोड.

म्हणून मला वाटतं, आपण दोन प्रश्नांची खिचडी करतो. सण कुठून आला, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचं उत्तर पुराव्याने द्यायचं असतं. तो पाळायचा का, हा प्रश्न मनाचा आहे आणि त्याचं उत्तर ज्याचं त्याने द्यायचं असतं. पार्लमेंटने दिलं तेव्हा दंगल झाली. इन्क्विझिशनने दिलं तेव्हा लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत हेर पोचले. मूळ शोधून सण ‘खोटा’ ठरवायचा असेल, तर कुठल्याच धर्माचा सण फार काळ तग धरणार नाही. सगळ्यांच्या मुळाशी कुणाचा तरी सूर्य, कुणाचं तरी पीक आहेच.

तेव्हा यंदा कुणी केक आणला तर ‘हा खरा तर रोमन सण आहे’ असं ऐकवण्याआधी एक तुकडा खा. आणि कुणी नम्रपणे ‘मी नाताळ पाळत नाही’ म्हणालं, तर केक पुढे सरकवत ‘अगं, एवढ्याने काय होतं’ असं मात्र म्हणू नका. तिच्यासाठी त्याने बरंच काही होत असतं.